लोण्यावरचा संशय

बिस्किटांच्या त्या कारखान्यात लोण्यात काय काय आहे हे यंत्रे सांगत, आणि लोणी चांगले आहे की नाही हे पारखी सांगत. पारखी हे त्यांचे नाव नव्हे. पण चव-विभागात इतकी वर्षे काढल्यावर खरे नाव फक्त हजेरीपटावर उरले होते. त्यांनी ओठ किंचित मुडपले, एवढ्यावर पिंपेच्या पिंपे परत गेलेली होती. म्हणून त्या सोमवारी ते मुख्य व्यवस्थापक मॅडमच्या खोलीत जाऊन "लोण्यात काहीतरी काळंबेरं आहे" असे म्हणाले, तेव्हा मॅडमनी "कशावरून?" असे विचारले नाही. त्यांनी विचारले, "कोणी केलं?"

"नाव मी कशाला घेऊ? खरेदी कोणाकडे आहे, हे तुम्हाला माहीत आहे."

मॅडमनी पेन खाली ठेवले. खरेदीचा विभाग ज्यांच्याकडे होता ते गृहस्थ पारखींचे साडू होते. पारखींच्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. दोघे वर्षानुवर्षे एकाच फाटकातून आत येत आणि एकाच फाटकातून बाहेर पडत.

"तुम्ही बोलताय ते साधं नाही," मॅडम म्हणाल्या. "खरं निघालं, तर त्यांना त्याच दिवशी घरी पाठवावं लागेल. नातंबितं मी बघणार नाही."

"बघूही नका."

"शुक्रवारी बैठक लावते. तोवर पुरावा आणा."

पुरावा आणता येईल याविषयी पारखींना शंका नव्हती. बाकी सगळ्याविषयी होती.

संशयाची सुरुवात एका साध्या बिस्किटापासून झाली होती. भट्टीतून आलेले बिस्कीट त्यांनी नेहमीप्रमाणे पुढच्या दातांनी तोडले, जिभेवर पसरू दिले आणि नाकाने श्वास सोडला. दुधाचा वास होता. कडेला साखर जळल्याची खमंग छटा होती. शेवटी येणारे मीठ वेळेवर आले. सगळे हजर होते. फक्त कार्यक्रम सुरू होत नव्हता. पारखींनी दुसरे बिस्कीट घेतले, मग दुसऱ्या ताटातले. तोच प्रकार. रसायनशाळेने स्निग्धांश, ओलावा, आंबटपणा सगळे मर्यादेत असल्याचे कळवले. पारखींना त्याचे आश्चर्य वाटले नाही. यंत्र विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते, आणि लबाडी करणाऱ्याला प्रश्न आधीच ठाऊक असतात. हाताखालचे चाखणारेही काही बोलले नाहीत, तेव्हा त्यांच्या जिभा कच्च्या आहेत, अशी त्यांनी मनाशी नोंद केली.

मग घरची कॉफी तशीच लागू लागली. रेडिओवरची जुनी गाणी कोणीतरी दुसऱ्याकडून गाऊन घेतल्यासारखी वाटू लागली. पारखींनी रेडिओचा स्पीकर बदलून आणला, गाणी तशीच राहिली. सकाळी इस्त्रीच्या गरम शर्टात हात घालताना त्यांना बरे वाटत असे. आता शर्ट फक्त गरम असे. इस्त्री खराब झाली असणार, म्हणून तीही बदलली. आणि रविवारचा बुद्धिबळाचा डाव! साडूंना हरवणे हा त्यांच्या आठवड्याचा कळस असे. हल्ली ते सारखे जिंकत होते आणि जिंकूनही काही होत नव्हते. त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष सरळ होता: साडू मुद्दाम हरत आहेत. मुद्दाम हरणारा माणूस काहीतरी लपवत असतो.

शास्त्र शिकलेल्या माणसाला पाच लक्षणांची पाच कारणे आवडत नाहीत. तो एक कारण शोधतो. कारखान्यातही साडू, घरीही साडू. दुवा जुळत होता. त्यातच एका संध्याकाळी पारखी मागच्या गल्लीने घरी येत असताना त्यांनी पाहिले, की साडू मागच्या दारात उभे राहून त्यांच्या बायकोच्या हातात एक पुडा देत आहेत. पुड्यावर वेष्टण नव्हते. बायकोने तो घाईघाईने पिशवीत सरकवला. पारखी गल्लीच्या तोंडाशी थोडे रेंगाळले आणि मग पुढच्या दाराने आत गेले.

"कोणी आलं होतं का?" त्यांनी बुटाची नाडी सोडत विचारले.

"छे. कोण येणार?" बायको म्हणाली.

ती खोटे बोलली याचे त्यांना वाईट वाटायला हवे होते. त्याऐवजी निरीक्षणाला दुजोरा मिळाल्याचे एक कोरडे समाधान वाटले. अलीकडे तेवढेच वाटत होते.

बुधवारी त्यांनी चाचणी लावली. चव-विभागातल्या खोलीत भिंतीलगत अरुंद कप्पे होते. प्रत्येकात एक खुर्ची, एक लाल दिवा आणि समोर छोटी खिडकी. लाल उजेडात पदार्थाचा रंग कळत नाही, त्यामुळे डोळे जिभेच्या कामात लुडबुड करत नाहीत. खिडकीपलीकडून नमुनेवाल्या बाई तीन बशा सरकवत: दोन सारख्या, एक वेगळी. वेगळी कोणती एवढेच ओळखायचे. वास, पोत, तीव्रता यांविषयी चाखणाऱ्याला काहीही विचारता येई. एक प्रश्न मात्र या खोलीत वर्ज्य होता. तुम्हाला आवडलं का, असे कोणी कोणाला विचारत नसे. आवड हा जिभेचा दोष आहे, असे पारखी नव्या चाखणाऱ्यांना शिकवत.

त्यांनी शीतपेटीतून गेल्या वर्षीचे मोहोरबंद लोणी काढून दिले. "हे एक आणि आताच्या खेपेतलं एक. जसं जमेल तसं फिरवून मांडा."

"किती वेळा?"

"मी थांबा म्हणेपर्यंत."

बाई बशा सरकवत राहिल्या, पारखी चाखत, थुंकत, कोमट पाण्याने चूळ भरत आणि बोट दाखवत राहिले. अखेर बाईंनी हिशेब केला आणि खिडकीतून डोकावल्या. त्यांचा चेहरा अवघडलेला होता.

"सर, तुमची एवढी उत्तरं चुकलेली मी कधी बघितली नाहीत. साधारण तीनातलं एक बरोबर आलंय."

म्हणजे डोळे मिटून कुठल्याही बशीवर बोट ठेवले असते, तरी इतकीच बरोबर आली असती. जुन्या आणि नव्या लोण्यात फरकच नव्हता.

"शीतपेटीची किल्ली कोणाकडे असते?"

"तुमच्याकडे."

"आणखी?"

"आणखी कोणाकडेही नाही. तुम्हीच म्हणत नाही का, बायकोने मागितली तरी मी ती किल्ली देणार नाही?"

"किल्लीची नक्कल करता येते."

"येते की," बाई बशा गोळा करत म्हणाल्या. "पण सर, लोणी चोरणारा माणूस लोणी चोरेल. जुनं लोणी काढून, तिथे नवं ठेवून, वर तुमची मोहोरही उठवून जायचं, एवढी मेहनत? त्यापेक्षा नोकरी सोपी."

पारखी हसले नाहीत. कोणताही निकाल आला तरी ज्याचे पोट भरते, तो संशय नसून सवय असते; हे वाक्य ते नव्या चाखणाऱ्यांना दरवर्षी ऐकवत. ते त्यांना आठवले. त्यांनी ते बाजूला सारले. बाहेर पडताना त्यांची नजर कोपऱ्यातल्या काट्यावर गेली. त्याला लाल चिठ्ठी लटकत होती. काटा काहीही ठेवले तरी एकच वजन दाखवू लागला, की मालाला दोष द्यायचा नाही. काट्याला चिठ्ठी लावायची आणि तपासणीला पाठवायचा, ही कारखान्याची जुनी शिस्त होती.

गुरुवारी दुपारी साडू कँटीनमध्ये ताट घेऊन समोर येऊन बसले. गोल, गुळगुळीत चेहऱ्याचा माणूस. बोलताना आधी डोळे हसत, मग तोंड.

"काय साडूभाऊ, तोंडाला कुलूप लागलंय की जिभेला?"

"लोणी कुठून घेता हल्ली?"

"गायीकडून."

"पुरवठादाराचं विचारतोय."

"तोच. तुम्हीच पसंत केलेला. का हो?"

"सहज."

"तुम्ही? सहज?" साडू म्हणाले. "अहो, तुम्ही 'बरे आहात ना' विचारलंत तरी मला वाटतं, हा माणूस आता माझा नमुना काढणार आणि बाटलीत भरणार." मग आवाज खाली आणून, "बरं, उद्या मॅडमनी बोलावलंय मला. कशाबद्दल ते सांगत नाहीत. तुम्हाला काही कल्पना?"

"नाही," पारखी म्हणाले.

"आता निवृत्तीच्या तोंडावर बढती तर देणार नाहीत. तुमच्या मेहुणीला म्हटलं, शर्ट कडक इस्त्रीचा काढून ठेव. सत्कार निघाला तर फोटोत बरा दिसेन." ते स्वतःच हसले आणि पारखींच्या ताटाकडे बघून थांबले. "जेवत नाही आहात तुम्ही."

पारखींनी ताटाकडे पाहिले. ते जेवत होते. निम्मे ताट संपलेले होते. मग साडू असे का म्हणाले? विषय बदलायला, त्यांनी ठरवले.

त्या दिवशी ते लवकर घरी गेले. बायको शेजारी गेली होती. स्वयंपाकघरात उजेड होता, ओटा पुसून कोरडा केलेला होता. पारखींनी डब्यांमागे हात घातला आणि त्यांना हवे ते मिळाले: पिठाच्या डब्याच्या पाठीमागे तीन पुडे, तिन्हींचे वेष्टण काढलेले. त्यांनी एक उघडून हुंगला. कॉफी. ते खुर्ची ओढून पुड्यांसमोर बसले आणि वाट पाहू लागले.

बायको आली, पुडे पाहिले आणि पिशवी खुंटीला लावली. ती दचकली नाही.

"कोणी दिले?"

"भावजींनी."

"म्हणजे ते आले होते."

"आले होते. पुन्हा पुन्हा आले."

"आणि तू मला सांगितलंस, कोणी आलं नाही."

"खोटं सांगितलं." तिने पदार्थ मांडावेत तशी वाक्ये एकेक करून मांडली. "आता उलटतपासणी करणार असाल तर मला उभं ठेवून नको. आणि तुमच्या पद्धतीनेच करू. तोंड खिडकीकडे करा."

"कशाला?"

"तीन कप. दोन सारखे, एक वेगळा. मला काय येत नाही का? इतकी वर्षं काय ऐकतेय मी रात्रंदिवस, भजनं?"

पारखी खिडकीकडे तोंड करून बसले. पाठीमागे पाणी उकळले, चमचे वाजले. तिने कप पाठीमागून हातात दिले. त्यांनी प्यायले, चूळ भरली, सांगितले. पुन्हा. पुन्हा. एकदाही चुकले नाही. ते वळले तेव्हा त्यांचा आवाज कित्येक दिवसांत प्रथमच चढलेला होता.

"बघ! कळतंय मला. जीभ ठीक आहे माझी. हा एक कप आपल्या जुन्या कॉफीचा. हे दोन नवीन. तुम्ही दोघांनी कॉफी बदललीत, आणि हलक्या प्रतीची आणलीत."

"हलक्या?" बायकोने कपाटाच्या खणातून एक घडी घातलेले वेष्टण काढून त्यांच्यापुढे टाकले. ते त्यांनी ओळखले. फार पूर्वी एका प्रवासात, स्टेशनाबाहेरच्या लहानशा दुकानात दोघांनी ही कॉफी प्यायली होती. पारखी परतीच्या वाटेवर उशिरापर्यंत तिच्याविषयी बोलत होते आणि बायको त्यांच्या खांद्यावर झोपून गेली होती. "भावजींनी त्या दुकानाचा पत्ता काढला. तुम्ही अर्धा कप टाकून उठायला लागलात तेव्हापासून. आधी एक आणली, ती चालली नाही. दुसरी आणली. मग ही."

पारखींनी वेष्टण उलटसुलट केले. "मग सांगायचं नाही मला?"

"चाखणाऱ्याला आधी सांगायचं नसतं. नियम कोणाचा? लग्न होऊन आठवडा झाला नव्हता, मी हौसेने म्हटलं, आज वेलची घातलीय. तर तुम्ही कप खाली ठेवलात. 'आता माझं मत दूषित झालं' म्हणालात. दूषित! मी आईला फोन करून विचारलं होतं, हा माणूस बरा आहे ना." तिने वेष्टण त्यांच्या हातातून परत घेतले. "आधी सांगितलं असतं तर तुम्ही माझं मन राखायला छान म्हणाला असतात. मला तसलं छान नको होतं. आपणहून आलेलं हवं होतं."

"आणि बुद्धिबळ?"

"ते मुद्दामच हरतात. ताईने सांगितलं मला. म्हणे, साडूभाऊ जिंकले तरी हसत नाहीत, आणखी किती वाईट खेळू?"

म्हणजे सगळी निरीक्षणे बरोबर होती. कॉफी बदललेली होती, बायको खोटे बोलली होती, साडू मुद्दाम हरत होते, दोघांनी मिळून कट केला होता. निष्कर्ष तेवढा पार उलटा निघाला होता. पारखींच्या कारकिर्दीत एवढी अचूक माहिती इतक्या चुकीच्या कामी कधी आली नव्हती.

"आता मला सांगा," बायको समोरची खुर्ची ओढून बसली. "या दोन्हींतली कुठली आवडली?"

"हा प्रश्न आम्ही विचारत नाही."

"माहीत आहे. मी विचारतेय."

त्यांनी एक घोट घेतला, मग दुसऱ्या कपातला. "हिच्यात कडवटपणा गोलसर आहे, मागून सुक्या फळाची—"

"ते नाही विचारलं मी."

त्यांनी पुन्हा घोट घेतला. दोन्ही कप जिभेवर स्पष्ट होते, एकमेकांपासून पूर्ण वेगळे, प्रत्येकाचे गुण मोजता येण्यासारखे. आणि त्यापुढे, जिथे काटा इकडे किंवा तिकडे हलायला हवा, तिथे तो दोन्हींना एकाच जागी उभा होता. जुन्या कॉफीला जिथे, तिथेच नव्या कॉफीला. लोण्याला जिथे, तिथेच गाण्याला, शर्टाला, जिंकलेल्या डावाला.

"सांगता येत नाही," ते म्हणाले.

"बरं."

"मी उदास वगैरे नाही. मला रडू येत नाही."

"मी कुठे काय म्हटलं?" बायको कप उचलत म्हणाली. "पण तुमचं रडू बघितल्यालाही पुष्कळ दिवस झाले. शेवटचे रडलात ते कांदा चिरताना, आणि तेव्हा दोष कांद्याचा होता."

शुक्रवारी बैठकीच्या खोलीत साडू कडक इस्त्रीच्या शर्टात येऊन बसले होते. मॅडमनी दार लावून घेतले आणि पारखींकडे पाहिले. "पुरावा?"

"लोणी ठीक आहे," पारखी म्हणाले. "जुन्या आणि नव्या खेपेत फरक नाही. चाचणी नमुनेवाल्या बाईंनी मांडली. त्यांना विचारता येईल. दोष उपकरणात आहे."

"कुठल्या?"

"माझ्यात. चव कळते, चाचणीत बरोबर येते. ती चांगली लागणं बंद झालंय. सगळ्याच गोष्टींचं. ते मला ओळखता आलं नाही आणि मी मालाला दोष दिला." त्यांनी साडूंकडे वळून पाहिले; न पाहताही बोलता आले असते, पण ते पद्धतीत बसले नसते. "यांच्यावर लबाडीचा संशय घेतला होता. सोमवारी, या खोलीत. तो पूर्णपणे मागे घेतो. काट्याचा दोष दिसला की त्याला चिठ्ठी लावायची, अशी आपल्याकडे शिस्त आहे. तपासणी होईपर्यंत माझं मत ग्राह्य धरू नका."

साडूंचे डोळे आधी हसले नाहीत, मग तोंडही हसले नाही. "माझ्यावर?" ते म्हणाले. "लोण्याचा?"

साडू उठले, खुर्ची नीट आत सरकवली आणि बाहेर गेले.

मॅडमनी विचारले, "डॉक्टरांना दाखवलंत?"

"आता दाखवेन."

"दाखवा. तोवर चव-विभाग बाईंकडे देते." त्यांनी तशी नोंद केली. "तुम्ही सांगितलं नसतं तर मी त्यांना आज घरी पाठवलं असतं. तुमच्या एका शब्दावर."

"तेच चुकीचं होतं," पारखी म्हणाले. "एका शब्दावर कोणाला घरी पाठवू नका. माझ्याही नाही."

त्या संध्याकाळी ते फाटकातून एकटे बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारले, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस किंवा आनंद कमी झाला आहे का. पारखींनी सांगितले, की हे दोन प्रश्न एकात कोंबलेले आहेत आणि उत्तर विश्वासार्ह येणार नाही. डॉक्टरीणबाईंनी ते दोन करून विचारले. दोन्हींचे उत्तर एकच आले. त्यांनी उपचार समजावून सांगितला. तो किती लोकांवर तपासला आहे, असे पारखींनी विचारले आणि ऐकून, फारसा विश्वास न ठेवता, मान हलवली.

रविवारी बायकोने पट काढून ठेवला नाही. पारखींनीही काढला नाही. दुपारी दार वाजले. साडू आत आले, कपाटातून पट स्वतःच काढला आणि सोंगट्या मांडू लागले.

"बसा," ते म्हणाले. "आज मुद्दाम हरणार नाही. तुमची ती सवलत बंद."

पारखी बसले. साडूंनी डाव असा खेळला, की इतकी वर्षे हा माणूस काय काय झाकून ठेवत होता याचा अंदाज येऊन पारखी अस्वस्थ झाले. वजीर गेला. एक हत्ती गेला. दुसऱ्या हत्तीला वाचवण्याच्या नादात राजा उघडा पडला आणि साडूंनी शेवटची सोंगटी पटावर अशी आपटली की कप हलले.

"हे लोण्याबद्दल," ते म्हणाले. मग टक लावून पाहत, "काय वाटलं?"

घोट जिभेवर पसरू द्यावा तसे पारखींनी आत तपासून पाहिले.

"राग आला," ते म्हणाले. "थोडासा."

"थोडासा म्हणजे?"

स्वयंपाकघरातला आवाज थांबला होता; बायको ऐकत असावी, असा त्यांना संशय आला. काट्याने जागा सोडली होती की कोणी पटाला धक्का दिल्याने तो हलला होता, हे ठरवायला त्यांच्याजवळ पुरेसा आधार नव्हता.

"एका नमुन्यावरून सांगता येणार नाही," पारखी म्हणाले आणि सोंगट्या गोळा करू लागले. "पुन्हा मांडा."